बाळंतीण वाचली, पण मधली मिनिटं कुठे गेली?

प्रश्न थोडक्यात असा आहे. हडपसरकडच्या एका ३० खाटांच्या रुग्णालयातल्या लेबर रूमच्या इन्चार्ज सिस्टर लिहितात : ‘गेल्या महिन्यात आमच्याकडे २४ वर्षांच्या एका बाईची दुसरी डिलिव्हरी नॉर्मल झाली. अर्ध्या तासात अंगावरून खूप जायला लागलं. मोठ्या हॉस्पिटलला शिफ्ट केलं, तिथे गर्भपिशवी काढावी लागली, ६ बाटल्या रक्त लागलं, चार दिवस आयसीयूत होती. आता घरी आहे. आमचे सर म्हणतात, वाचली ना, मग आता विषय उकरू नका. रात्रपाळीची सिस्टर मात्र तेव्हापासून रडते आहे, तिला वाटतं तिच्यामुळेच झालं. अशा केसवर रीतसर चर्चा कशी घ्यावी, आणि कुणाच्याही नावावर बिल न फाडता ती होऊ शकते का?’

सिस्टर, होऊ शकते, आणि तुम्ही ती घ्याच. मी २६ वर्षं पुण्यात प्रसूतितज्ज्ञ म्हणून काम करते आहे. पहिली काही वर्षं सरकारी नोकरी, नंतर खासगी. त्यातली गेली १२ वर्षं अशा केसेसची महिन्याची बैठक मी चालवते. सुरुवातीच्या दोन वर्षांतल्या बैठका आठवल्या की आजही वाईट वाटतं, कारण त्या बैठकांतून माणसं गप्प व्हायला शिकली. तुमच्याकडे तसं होऊ नये म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही विचारलंय चर्चा कशी घ्यायची. मला मात्र वाटतं खरी अडचण त्याच्या आधीची आहे. तुमच्या सरांनी देवाचे आभार मानून विषय मिटवला. रात्रपाळीच्या सिस्टरने सगळा दोष पदरात घेऊन मिटवला. दोघांपैकी कुणीही त्या रात्रीचा केसपेपर समोर ठेवून मिनिटं मोजलेली नाहीत. म्हणजे काय घडलं हे अजून कुणालाच माहीत नाही. तिची चूक होती का, सरांची होती का, की कुणाचीच नव्हती, हे आज मी सांगू शकत नाही आणि तुम्हीही नाही.

अशा केसला आम्ही ‘निअर मिस’ म्हणतो. गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या ४२ दिवसांत झालेल्या गुंतागुंतीत मरता मरता वाचलेली बाई, अशी जागतिक आरोग्य संघटनेची साधी व्याख्या आहे. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही डिसेंबर २०१४ मध्ये अशा केसेसच्या आढाव्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात लक्षणं, तपासण्या आणि केलेले उपचार अशा तिन्ही गटांतला किमान एकेक निकष जुळावा लागतो, किंवा हृदय-श्वास कोलमडल्याचं एखादंच चिन्ह पुरतं. मोठ्या रुग्णालयाला ते जमतं. तुमच्यासारख्या ठिकाणी मी सोपी चाळण लावायला सांगेन : ४ किंवा जास्त बाटल्या रक्त लागलं, पिशवी काढावी लागली, झटके आले, पुन्हा थिएटरात न्यावं लागलं, आयसीयू लागलं. आणि यात एक भर घाला, जी लहान रुग्णालयं हमखास विसरतात : बाहेर शिफ्ट केलेली प्रत्येक सिरीयस बाळंतीण.

ती का विसरली जाते, तर रुग्णवाहिका फाटकाबाहेर पडली की आपल्या रजिस्टरमध्ये ‘रेफर्ड’ एवढा एक शब्द राहतो. पिशवी मोठ्या रुग्णालयात निघाली म्हणून ती त्यांची केस होते. त्यांच्या बैठकीत ‘बाहेरून फार उशिरा आली’ एवढी एक ओळ लिहिली जाते, आणि उशीर जिथे झाला तिथे ती ओळ कधी पोहोचतच नाही. मी स्वतः दोन्ही बाजूंना उभी राहिले आहे. पाठवणाऱ्याला फोन करून ‘पेशंटचं असं असं झालं’ एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात. तरी ते आपल्याकडे फार कमी लोक करतात, आणि मला ही मोठी खंत आहे. तुम्ही उलट दिशेने फोन करा. डिस्चार्ज कार्डची प्रत नातेवाइकांकडून मागून घ्या.

आता सरांना काय सांगायचं. त्यांच्याशी नीतिमत्तेवर वाद घालू नका, साधं गणित मांडा. नमुना नोंदणी पाहणीच्या २०१८ ते २०२० च्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावत होत्या. देशाचा आकडा तेव्हा ९७ होता, केरळचा १९. तुमच्याकडे महिन्याला ४० बाळंतपणं होत असतील तर वर्षाला साधारण ५०० होतात. राज्याच्या सरासरीने तुमच्याकडे सहा वर्षांत एखादा मृत्यू होईल, आणि तोही बहुधा दुसऱ्या रुग्णालयाच्या नावावर लागेल. मग लेबर रूमच्या कामात कुठे फट आहे हे शिकायला सहा वर्षं थांबायचं का? मृत्यूच्या तुलनेत निअर मिस कितीतरी जास्त होतात, फटी त्याच असतात, आणि बाई सांगायला जिवंत असते. ब्रिटनमध्ये मातामृत्यूंची गोपनीय चौकशी १९५२ पासून अखंड चालू आहे. केरळच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासून तीच पद्धत आपल्या राज्यात सुरू केली. तिथे मृत्यूंचा अभ्यास करतात, कारण राज्यभराचे मृत्यू एकत्र केले की शिकण्याइतके होतात. एकट्या रुग्णालयाला शिकायचं तर वाचलेल्या बायकांकडूनच शिकावं लागतं.

पद्धतीचा कणा एकच आहे : घड्याळ. आमच्या बैठकीत ‘कोण’ हा शब्द पहिला अर्धा तास वापरायचा नाही असा नियमच आहे. ‘केव्हा’ विचारायचं, मग ‘मध्ये किती वेळ गेला’, मग ‘त्या वेळात काय अडलं’. बाळंतपणात घड्याळाला इतकं महत्त्व का? दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला साधारण ५०० ते ७०० मिली रक्त वाहत असतं. वार पडल्यावर पिशवी आकसली नाही तर हा नळ उघडाच राहतो. शिवाय गरोदरपणात शरीरातलं रक्त ४०-५० टक्क्यांनी वाढलेलं असल्यामुळे बाई बराच वेळ ठीक दिसते. एक-दीड लिटर जाईपर्यंत बीपी फारसं उतरत नाही, आणि मग एकदम कोसळतं. त्यात आपल्या बायका मुळातच पांढऱ्या पडलेल्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता. ४५ किलो वजनाच्या आणि ८ हिमोग्लोबिनच्या बाईकडे गमवायला फार रक्त नसतं.

माझ्या एका केसचं घड्याळ तुम्हाला दाखवते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत, मिनिटं मात्र तशीच आहेत. मी तेव्हा जिथे काम करत होते तिथे पहाटे २:१० ला डिलिव्हरी झाली. २:२५ ला मावशींनी भिजलेला पॅड बदलला. २:४० ला दुसरा. नाडी ११८. २:४५ ला सिस्टरने आरएमओंना, म्हणजे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांना, बोलावलं, ते लगेच आले. त्यांनी पिशवी आकसवणाऱ्या ऑक्सिटोसिनचं सलाईन लावलं, पिशवी चोळायला घेतली आणि रक्तस्राव थांबवायला मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या व ट्रानेक्झॅमिक अॅसिडचं इंजेक्शन मागितलं. हाताशी काहीच मिळालं नाही, कारण कपाटाला कुलूप होतं. महागडी औषधं हरवतात म्हणून कुलूप, आणि किल्ली दिवसपाळीच्या सिस्टरच्या पर्समध्ये राहून कात्रजला गेलेली. खालच्या मेडिकलवाल्याला उठवून औषधं हातात पडेपर्यंत ३:१५ झाले. इकडे आरएमओंनी २:५० ला भिंतीवरच्या ड्युटी चार्टवर पाहून ऑन कॉल डॉक्टरांना फोन लावला. तो चार्ट मागच्या महिन्याचा होता. ज्यांना फोन गेला ते गावाला गेलेले, त्यांनी माझा नंबर दिला. मी ३:२० ला पोहोचले. रक्ताची मागणी ३:३० ला गेली, कारण फॉर्मवर सही माझीच लागायची. वॉर्डबॉय मामा स्कूटरवरून रक्तपेढीत गेले, सॅम्पलवर नाव नीट नव्हतं म्हणून परत पाठवले गेले, आणि पहिली बाटली लागली ४:३५ ला. बाई वाचली, पिशवीही वाचली, ५ बाटल्या रक्त लागलं.

या केसवर बैठकीआधी कॉरिडॉरमध्ये सगळ्यांचं एकमत होतं की ‘रात्रीच्या सिस्टरने उशिरा कळवलं’. घड्याळ फळ्यावर लिहिल्यावर दिसलं की तिचा उशीर पंधरा-वीस मिनिटांचा होता. किल्लीने २५ मिनिटं खाल्ली, जुन्या चार्टने आणि सहीच्या नियमाने मिळून ४०, परत आलेल्या सॅम्पलने आणखी २०. यांतली काही मिनिटं एकमेकांत मिसळलेली आहेत हे खरं, तरी सिस्टरला ओरडून किंवा नोकरीवरून काढून त्यातलं एकही मिनिट परत आलं नसतं. किल्ली पुन्हा कुणाच्या तरी पर्समध्ये गेलीच असती.

त्या बैठकीतून काय निघालं तेही सांगते, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. लेबर रूमच्या भिंतीवर एक पारदर्शक डबा लागला. कुलूप नाही, फक्त ओढली की तुटणारी प्लास्टिकची पट्टी. आत मिसोप्रोस्टॉल, ट्रानेक्झॅमिक अॅसिड, १६ नंबरच्या करड्या सुया दोन, सलाईनचे सेट, लघवीची नळी, रक्त थांबवायला पिशवीत फुगवायचा बलून बनवायचं सामान, सॅम्पलच्या बाटल्या आणि आधीच अर्धा भरून ठेवलेला रक्ताचा फॉर्म. ऑक्सिटोसिन डब्यात नाही, ते २ ते ८ अंशांत राहावं लागतं म्हणून फ्रिजमध्ये, आणि डब्यावर तशी चिठ्ठी. पट्टी तुटलेली दिसली की त्या पाळीने डबा भरूनच घरी जायचं. रक्ताची मागणी आरएमओंच्या सहीने जाईल असं रक्तपेढीशी बोलून ठरवलं. ड्युटी चार्ट लावायची जबाबदारी एका माणसाच्या नावाने लिहिली. खर्च दोन हजारांच्या आत.

आणखी एक गोष्ट त्याच केसने उघडी पाडली. केसपेपरवर लिहिलं होतं ‘रक्तस्राव अंदाजे ३०० मिली’. पाच बाटल्या लागलेल्या बाईचं एवढंच गेलं असेल हे शक्यच नव्हतं. पुढच्या बैठकीत मी बीटाचं लाल पाणी एक लिटर मोजून आणलं आणि चादर, दोन पॅड आणि थोडं फरशीवर असं ओतून ठेवलं. सगळ्यांनी चिठ्ठीवर अंदाज लिहिला. दोन सर्जन, एक भूलतज्ज्ञ, सहा सिस्टर. बहुतेक आकडे ३०० ते ५०० मध्ये. सर्वांत जवळ पोहोचल्या त्या मावशी, ९०० म्हणाल्या. रोज ते कपडे उचलणारी तीच एक बाई होती. तेव्हापासून आम्ही पॅड वजनकाट्यावर ठेवतो, कोरड्या पॅडचं वजन वजा केलं की १ ग्रॅमला १ मिली धरायचं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतल्या ८० रुग्णालयांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यात डिलिव्हरीनंतर खुणा असलेली मोजपिशवी खाली लावली, आणि रक्तस्राव दिसताच चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रानेक्झॅमिक, सलाईन, तपासणी हे सगळं एकत्र सुरू केलं. एक लिटरवर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून प्रमाण ६० टक्क्यांनी घटलं. यात नवं औषध एकही नव्हतं. वेळेवर ओळखलं आणि एकामागून एक वाट न पाहता सगळं एकदम केलं, एवढंच. ट्रानेक्झॅमिकचंही तसंच : तीन तासांच्या आत दिलं तरच उपयोग, आणि प्रत्येक १५ मिनिटांच्या उशिराने त्याचा गुण कमी होत जातो.

बैठकीला कोण असावं हे तुमच्या जागेवर अवलंबून आहे. तुमच्याकडे भूलतज्ज्ञ बाहेरून येत असतील, तर त्यांना त्या दिवशी बोलावणं अवघड जाईल, फोनवर घ्या. पण त्या रात्री खोलीत असलेली प्रत्येक व्यक्ती हवी. मावशी हवी, मामा हवेत, रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर मिळाला तर फारच छान. बोलण्याचा क्रम मात्र काटेकोर पाळा : सर्वांत कमी हुद्द्याचा माणूस पहिला, मोठे डॉक्टर सर्वांत शेवटी. सर पहिल्यांदा बोलले की त्यांचं म्हणणं हीच घटना ठरते, मग मावशी मान डोलावते आणि बैठक संपते. हे मी सरांच्या विरोधात सांगत नाही. मी स्वतः शेवटी बोलते, आणि दर वेळी माझ्या मनात आधी तयार असलेलं उत्तर निम्मं तरी खोटं ठरतं. बैठक चालवणारा त्या केसमध्ये नसलेला असावा. तुमच्या भागातल्या दुसऱ्या एखाद्या रुग्णालयातल्या ज्येष्ठ डॉक्टरला महिन्यातून एक तास मागा, आणि तुमचे सर त्यांच्याकडे जातील असा वायदा करा.

आता या कामातला सर्वांत दुर्लक्षित साक्षीदार, ती बाई स्वतः. मला हे पटायला बरीच वर्षं लागली. एका मुलीला बाळंतपणाच्या आदल्या रात्री एकच्या सुमारास झटके आले. रात्री ९ ला तिचं बीपी १५०/१०० होतं, लघवीत प्रथिनं होती, पेपरवर लिहिलं होतं ‘तक्रार नाही’. आमच्या बैठकीत निष्कर्ष निघाला की झटके अनपेक्षित होते. सहा आठवड्यांनी ती तपासायला आली तेव्हा मी तिला सहज विचारलं, त्या रात्रीचं काही आठवतंय का? ती म्हणाली, ‘मॅडम, मी तीनदा सांगितलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. त्या म्हणाल्या, उपाशी आहेस म्हणून होतंय, बिस्कीट खा.’ तिच्या आईनेही तेच सांगितलं, वेळेसकट, कारण मालिका संपून बातम्या लागल्या होत्या. दहा वाजले होते. म्हणजे झटक्याआधी तीन तास ती आम्हाला पुस्तकातलं लक्षण तोंडाने सांगत होती, आणि आमच्या कागदावर ‘तक्रार नाही’. तेव्हाच मॅग्नेशियम सल्फेट सुरू केलं असतं तर झटक्याचा धोका निम्म्याने कमी झाला असता, हे २००२ पासून आपल्याला पक्कं माहीत आहे. त्या दिवसापासून आमच्याकडे बीपी वाढलेल्या प्रत्येक बाईला दर चार तासांनी चार प्रश्न विचारून उत्तर तिच्याच शब्दांत लिहायचं असतं : डोकं दुखतंय का, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे येतात का, छातीखाली दुखतंय का, उलटीसारखं होतंय का. ‘तक्रार नाही’ लिहायला बंदी आहे.

म्हणून तुमच्या त्या बाईला भेटा. बैठकीत बोलवू नका, त्याने तिच्यावर दडपण येईल. तुम्ही तिच्या घरी जा किंवा तपासणीला येईल तेव्हा शांत खोलीत बसा. तिची परवानगी घ्या. आधी ती कशी आहे ते विचारा, मग ‘तुला पहिल्यांदा कधी वाटलं की काहीतरी बिघडलंय’ एवढाच प्रश्न टाका आणि मध्ये बोलू नका. तिच्या सासूला किंवा आईला, जी सोबत होती तिला, वेगळं विचारा.

या भेटीत रुग्णालयाच्या दाराबाहेरचाही वेळ कळतो. तुमच्या केसचं माहीत नाही, पण आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. सात महिने एका गावी तपासलेली बाई आठव्या महिन्यात प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन दुसऱ्या गावी येते. तिचा रक्तगट, मागचं बीपी हे त्या पिशवीत कुठेतरी असतं किंवा नसतंच. दौंड-इंदापूरकडून येणाऱ्या ऊसतोडीच्या बायकांना तर हंगामात तीन तालुके बदलावे लागतात. पुण्यात अंतर कमी आणि वेळ जास्त लागतो हे तुम्हाला मी सांगायला नको. पालखीच्या दिवशी सोलापूर रस्त्यावर रुग्णवाहिका कुठून काढायची, विसर्जनाच्या रात्री मध्यवस्तीतून रक्त कसं आणायचं, हे त्या दिवशी ठरवायचं नसतं. आम्ही वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडरवर अशा तारखांना खूण करतो आणि त्या दिवशी धोक्याच्या बाईला आधीच मोठ्या जागी पाठवतो. हाही एका निअर मिसमधूनच शिकलेला धडा.

कायद्याची भीती खरी आहे, ती खोटी म्हणून मी उडवून लावणार नाही. इथे परिस्थितीनुसार सल्ला बदलतो. नातेवाइकांनी तक्रार केली असेल किंवा पोलिसांत प्रकरण गेलं असेल तर आधी वकिलाचा सल्ला घ्या. डबा लावणं, चार्ट बदलणं यासाठी मात्र कुणाच्या परवानगीची वाट बघू नका. तक्रार नसेल तर नेहमीची बैठक घ्या. टिपणात कर्मचाऱ्यांची आणि बाईची नावं नसावीत, ‘सिस्टर १’, ‘डॉक्टर २’ पुरतं. ते टिपण केसपेपरला जोडायचं नाही. आणि केसपेपरला हात लावायचा नाही, हे मी जोर देऊन सांगते. मागाहून काही आठवलं तर आजची तारीख-वेळ घालून ‘उशिराची नोंद’ म्हणून लिहा. खाडाखोड केलेला एक कागद सगळ्या रुग्णालयाचं खरं बोलणंही खोटं ठरवतो. नातेवाइकांनी कागद मागितले तर २००२ च्या वैद्यकीय नियमांप्रमाणे ७२ तासांत द्यावे लागतात, ते द्या, कुरकूर न करता. माझा अनुभव असा की कागद दडवले, डॉक्टर भेटले नाहीत, म्हणून लोक चिडतात. समोर बसवून काय झालं ते सांगितलं तर बहुतेक घरं ऐकून घेतात.

शेवटी निवाडा करावाच लागतो, तो टाळू नका. आम्ही तीन कप्पे करतो. उपचार योग्य होते. उपचार याहून चांगले होऊ शकले असते, पण परिणाम बहुधा हाच झाला असता. आणि उपचार चांगले झाले असते तर ही वेळ कदाचित आली नसती. तिसऱ्या कप्प्यात टाकायला हात थरथरतो, पण तो कप्पा कायम रिकामा राहत असेल तर बैठक देखाव्याची आहे असं समजा. आणि कधी कधी एखाद्या माणसाचंच चुकलेलं असतं : ड्युटीवर असून आला नाही, शुद्धीत नव्हता. ते या बैठकीचं काम नव्हे. ते व्यवस्थापनाकडे वेगळ्या वाटेने जायला हवं, नाहीतर ‘दोष नाही’ या शब्दावरचा सगळ्यांचा विश्वास उडतो. हेही लिहा की काय चांगलं झालं. तुमच्या केसमध्ये कुणीतरी वेळेत ठरवलं की आता शिफ्ट करायचं. ते कुणी ठरवलं, कशावरून ठरवलं? कदाचित त्या निर्णयानेच ती वाचली आहे, आणि कदाचित तो निर्णय रात्रपाळीच्या त्याच सिस्टरने लावून धरला असेल.

प्रत्येक बैठकीतून बदल एक किंवा दोनच काढा. पंधरा सूचना लिहिल्या की एकही होत नाही. बदलासमोर माणसाचं नाव आणि तारीख लिहा, आणि पुढच्या बैठकीची सुरुवात मागच्या बदलापासून करा. ‘स्टाफला प्रशिक्षण द्यावे’ आणि ‘अधिक दक्षता घ्यावी’ ही दोन वाक्यं आमच्याकडे चालत नाहीत, कारण ती लिहिली की काहीच बदलावं लागत नाही.

सर तयारच झाले नाहीत तर? मग बैठक हा शब्द वापरू नका. तुम्ही इन्चार्ज आहात, हँडओव्हरची वही तुमच्या हातात आहे. सकाळच्या पाळीत वीस मिनिटं घ्या, त्या रात्रीच्या चौघांना बसवा, फळ्यावर डाव्या बाजूला वेळ आणि उजव्या बाजूला घटना असं लिहा. ते घड्याळ सरांना दाखवा, काही न बोलता. माझ्या अनुभवात डॉक्टर उपदेशाने चिडतात, पण मिनिटांपुढे थांबतात, कारण आम्हाला ती भाषा कळते.

त्या सिस्टरला घड्याळ मांडायच्या आधी एकटीला भेटा. तिला सांगा की आपण तुझी चौकशी करत नाही, त्या रात्रीची करतो आहोत, आणि तुझ्याशिवाय ती पूर्ण होणार नाही. तिला रजा हवी असेल तर द्या. पण आठवड्याभरात पुन्हा लेबर रूममध्ये उभं राहायला मदत करा, पहिल्या पाळीला तुम्ही सोबत थांबा. रक्तस्राव पाहिलेली सिस्टर पुढच्या वेळी पहिला पॅड भिजताच हाक मारते. तिला गमावू नका.

आणि त्या २४ वर्षांच्या मुलीकडे जाल तेव्हा तिला एवढं नक्की विचारा : पिशवी काढली आहे हे तिला कुणी सांगितलंय का? आयसीयूतून घरी गेलेल्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत, ज्या सहा महिन्यांनी ‘पाळी का येत नाही’ विचारायला येतात. नवऱ्याला माहीत असतं, सासूला माहीत असतं, सही त्यांनीच केलेली असते. तिला समोर बसवून, पाण्याचा ग्लास हातात देऊन, तिच्या भाषेत सांगा. बीजकोश ठेवले आहेत की काढले, हे मोठ्या रुग्णालयाच्या कार्डावरून आधी बघून जा, म्हणजे तिच्या पुढच्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर असेल.